मोशेसाठी एक दगड

(सामान्य काळातील एकोणतिसावा रविवार, वर्ष क : निर्गम १७:८-१३, स्तोत्र १२१, २ तीमथ्य ३:१४ - ४:२, लूक १८:१-८)



आजच्या पहिल्या वाचनात आपल्याला एक दमलेला माणूस भेटतो. खाली रफीदीमच्या मैदानात यहोशवा अमालेकी लोकांशी लढत आहे आणि वर टेकडीवर मोशे देवाची काठी घेऊन उभा आहे. त्याचे हात वर असतात तोवर इस्राएलची सरशी होते, हात खाली आले की शत्रूची. मोशेचा विश्वास कमी नव्हता. ज्याने देवाशी संभाषण केले, ज्याच्यासमोर तांबडा समुद्र दुभंगला, त्याचा विश्वास कसा कमी असेल? पण त्याचे हात जड झाले. विश्वास मोठा असला तरी हात हाडामांसाचेच असतात.

मग अहरोन आणि हूर काय करतात? ते मोशेला उपदेश करत नाहीत. 'देवाने तुला निवडले आहे, तेव्हा धीर धर' असे सांगत नाहीत. ते एक दगड आणून त्याच्या खाली ठेवतात, त्याला बसवतात आणि एकजण या बाजूने, दुसरा त्या बाजूने त्याचे हात धरून उभा राहतो. सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले, असे पवित्र शास्त्र सांगते. प्रार्थनेविषयीच्या या वाचनात देवाने एका दगडाची आणि दोन शेजाऱ्यांची नोंद करून ठेवली आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

आज मला तुमच्याशी आपल्यातल्या अशाच दमलेल्या हातांविषयी बोलायचे आहे. ज्या घरांत मतिमंद, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी असलेले किंवा अनेक अपंगत्वे एकत्र आलेले मूल आहे, ज्या घरांत अपघातानंतर किंवा आजारानंतर कुणी अंथरुणाला खिळून आहे, त्या घरांत एकजण तरी असा असतो, ज्याचे हात वर्षानुवर्षे वर धरलेले असतात. बहुधा ती आई असते. कधी पत्नी असते, कधी बहीण, कधी म्हातारा बाप. दिव्यांग व्यक्तीकडे आपले थोडेफार लक्ष जाते. तिला सांभाळणाऱ्याकडे मात्र कुणाचेच जात नाही.

माझी एक चूक

बऱ्याच वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जात असे. एका घरी साठी ओलांडलेली एक विधवा माऊली आणि तिचा चौतीस वर्षांचा मुलगा राहत होते. मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. बोलता येत नसे, उठता येत नसे, पण मी दारात दिसलो की तोंडभर हसायचा. रात्री दोनदा उठून आई त्याची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. त्याला भरवणे, आंघोळ घालणे, उचलून खुर्चीत बसवणे, सगळे तिच्याच हातचे. तिच्या सख्ख्या भावाच्या मयताला ती फक्त वीस मिनिटे उभी राहिली होती, कारण बाहेर रिक्षा थांबवून ठेवली होती.

एका शुक्रवारी ती मला म्हणाली, "फादर, आता जमत नाही."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "देव ज्याच्या खांद्यात बळ आहे त्यालाच क्रूस देतो. तुम्हाला देवाने खास निवडले आहे." सेमिनरीतून बाहेर पडून मला फार दिवस झाले नव्हते. उत्तर तयार होते.

ती शांतपणे म्हणाली, "फादर, क्रूस मला नको झालेला नाही. तो माझाच पोरगा आहे. मला फक्त एक रात्र झोप पायजे."

मी आशीर्वाद दिला आणि पुढच्या घरी गेलो. यादीत अजून सात घरे बाकी होती.

त्यानंतर काही महिन्यांनी ती न्हाणीघरात पाय घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. ती इस्पितळात आणि मुलगा एका दिवसात अनोळखी लोकांच्या हाती. तीन दिवस त्याने नीट खाल्ले नाही. त्याला भात मऊ कुस्करून लागतो, पाणी कान असलेल्या पेल्यातूनच पिता येते, झोपताना दिवा चालू लागतो, हे कुणालाच ठाऊक नव्हते. ते सगळे एकट्या आईच्या डोक्यात होते, आणि आई शस्त्रक्रियेच्या टेबलावर होती. चौतीस वर्षांत तो आईवाचून एकही रात्र राहिला नव्हता.

मी तिला भेटायला गेलो तेव्हा तिने मला एक गोष्ट सांगितली, जी तिने कबुलीच्या वेळी कधी सांगितली नव्हती, कारण ते पाप आहे की प्रार्थना हेच तिला कळत नव्हते. ती रोज रात्री देवाला म्हणायची, "याला माझ्या आधी ने." मला ही गोष्ट इतरांना सांगण्याची तिने नंतर परवानगी दिली. म्हणाली, "सांगा फादर, अशा पुष्कळ आया आहेत."

बंधू-भगिनींनो, आपल्या मुलाने आपल्या आधी मरावे अशी प्रार्थना एखाद्या आईला करावी लागते, तेव्हा त्या आईचा विश्वास तपासू नये. त्या आईच्या शेजारी राहणाऱ्या ख्रिस्तसभेने स्वतःला तपासावे. ती प्रार्थना म्हणजे आपल्यावरचा अविश्वास आहे: 'माझ्यामागे याला कुणी पाहणार नाही' हा. आणि आजवर आपण तो खोटा ठरवलेला नाही.

विश्रांती ही चैन नाही

आपल्याकडे सांभाळणाऱ्या बाईला विश्रांतीचीच लाज वाटते. दोन तास बाजारात गेली तरी अपराधी वाटते. 'पोराला टाकून हिंडते' असे कुणी म्हणेल ही भीती असते. म्हणून आधी हे स्पष्ट करू या की, विश्रांती ही देवाची आज्ञा आहे. शब्बाथाची आज्ञा देताना निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात देव बैलाची आणि गाढवाचीसुद्धा आठवण काढतो, दासीच्या मुलाने आणि परक्यानेही विसावा घ्यावा म्हणतो. ज्या देवाला बैलाच्या थकव्याची काळजी आहे, त्याला या आईच्या थकव्याची नसेल का? प्रेषित प्रचारावरून परतले तेव्हा त्यांना जेवायलाही सवड नव्हती. प्रभूने त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले (मार्क ६:३१). काम संपले होते म्हणून नव्हे, माणसे दमली होती म्हणून.

संत थॉमस अक्वायनस यांचा भला थोरला धर्मशास्त्राचा ग्रंथ आम्ही सेमिनरीत अभ्यासला. त्यात दुःखावरच्या उपायांची चर्चा आहे. सत्याचे चिंतन हा उपाय ते सांगतातच, पण त्याबरोबर अश्रू, मित्रांची सहानुभूती, आणि चक्क झोप व स्नान हेही उपाय सांगतात. तरुणपणी आम्हाला या गोष्टीचे हसू यायचे. एवढा मोठा तत्त्वज्ञ आणि दुःखावर आंघोळ सांगतो! आज हसू येत नाही. ज्या बाईला अनेक वर्षांत शांतपणे अंगावर पाणी घेता आलेले नाही, तिला विचारा.

आजचे स्तोत्रही असेच वाचा. इस्राएलचा रक्षक झोपत नाही, डुलकीही घेत नाही, असे स्तोत्रकर्ता गातो. देव जागा आहे हे आपण नेहमी आपल्या सुरक्षिततेसाठी ऐकतो. पण त्याचा आणखी एक अर्थ आहे: न झोपणे हे देवाचे काम आहे, माणसाचे नव्हे. देव जागा असतो तो आपल्याला झोपता यावे म्हणून. आणि देवाला त्या घरी रात्री जागायचे असेल, तर तो कुणाच्या डोळ्यांनी जागणार? आपल्याच.

दोन दीनार

सांभाळणाऱ्याला काही तास, काही दिवस मोकळे करता यावे म्हणून तेवढ्यापुरती दुसऱ्याने जबाबदारी घेणे, या सेवेला इंग्रजीत रेस्पाइट केअर म्हणतात. आपण तिला विसावा-सेवा म्हणू. कुणी प्रशिक्षित व्यक्ती घरी येते, किंवा दिव्यांग व्यक्ती काही तास केंद्रात जाते, किंवा आठवडाभर एखाद्या चांगल्या निवासी संस्थेत राहून परत घरी येते. 'परत घरी येते' हे महत्त्वाचे. हे मुलाला कायमचे कुठे ठेवणे नव्हे. मुलाला घरातच ठेवता यावे म्हणूनची ही सोय आहे.

ही कल्पना परदेशी वाटत असेल तर दयाळू शोमरोनी माणसाची गोष्ट पुन्हा वाचा (लूक १०:३०-३५). आपण जखमा बांधण्यापर्यंत वाचतो आणि थांबतो. पण तो शोमरोनी पुढे काय करतो? जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, रात्रभर स्वतः सेवा करतो आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार काढून देतो. याची काळजी घ्या, अधिक खर्च झाला तर परत येताना देईन, असे सांगून तो आपल्या कामाला निघून जातो. थोड्या दिवसांची काळजी, दुसऱ्याच्या हाती, पैसे मोजून! आणि प्रभू येशू त्याला 'जबाबदारी टाळली' असे म्हणत नाही. त्यालाच खरा शेजारी म्हणतो. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. दया केवळ डोळ्यांतून येऊन भागत नाही, ती खिशातूनही यावी लागते, हे प्रभूने नेमका आकडा देऊन सांगितले आहे.

कुणी म्हणेल, "फादर, पूर्वी अशा सेवा कुठे होत्या? घरचेच बघायचे." खरे आहे. पण घर कोणते होते? वाडीत दहा-बारा माणसांचे घर होते. आजी होती, काकी होती, चुलत भावंडे होती. मूल एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर जायचे आणि आई शेतावर किंवा बाजारात भाजी घेऊन जायची. विसावा-सेवा होतीच, फक्त तिला नाव नव्हते. आज वाडीच्या जागी इमारत आली, भावंडे कॅनडात आणि आखातात गेली, नवरा पहाटेच्या लोकलने चर्चगेटला जातो आणि रात्री येतो. जे काम दहा माणसे करीत होती ते एकीवर आले आहे. तिचे बळ घटलेले नाही, तिच्या बाजूची माणसे नाहीशी झाली आहेत.

त्या मुलाचे काय?

यात एक धोका आहे, तोही सांगितला पाहिजे. आईच्या थकव्याविषयी बोलता बोलता आपण त्या मुलाला ओझे ठरवू. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला माणसाची व्याख्या शिकवली होती: माणूस म्हणजे विचार करणारा प्राणी. पुढे ॲलस्डेअर मॅकइन्टायर या कॅथलिक विचारवंताने १९९९ साली लिहिलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, या व्याख्येत एक गोष्ट राहून जाते. माणूस हा दुसऱ्यावर अवलंबून असणारा प्राणीसुद्धा आहे. आपण सगळेच पाळण्यात अवलंबून होतो, म्हातारपणी पुन्हा होणार आहोत, मध्ये काही वर्षे आपल्याला त्याचा विसर पडतो एवढेच. दिव्यांग व्यक्ती ही वेगळ्या जातीची नाही. आपण सगळे जे आहोत ते ती लपवू शकत नाही, इतकाच फरक.

म्हणून विसावा-सेवा म्हणजे सामान ठेवायची जागा नव्हे. तो विसावा त्या मुलाचाही आहे. त्यालाही आईखेरीज दुसरी माणसे ओळखीची व्हावीत, दुसऱ्या घरातली गाणी ऐकावीत, दुसऱ्या कुणाला हसवावे असा हक्क आहे. आणि अजून एक कठीण गोष्ट आहे. आई कायमची नसते. जो मुलगा आयुष्यात एकही रात्र आईवाचून राहिला नाही, त्याची पहिली रात्र तिच्या मयताच्या दिवशीच येणार. ती रात्र त्याच्यावर अशी कोसळू नये म्हणून आज, आई हयात असताना, ती संध्याकाळी परत येणार आहे हे ठाऊक असताना, त्याला थोडे थोडे दुसऱ्यांच्या हातून जेवायला शिकू द्या. आया मला क्षमा करोत, पण हे मी एका इस्पितळाच्या खाटेशेजारी शिकलो आहे.

न्यायाधीशाचे दार

आजच्या शुभवर्तमानात एक विधवा आहे. ती न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाते आणि भीक नव्हे, न्याय मागते. आपण ही गोष्ट प्रार्थनेसाठी वाचतो आणि ते योग्यच आहे. पण त्या बाईने प्रार्थना घरात बसून केली नाही, ती कचेरीत गेली.

आपणही कचेरीत गेले पाहिजे. कारण या बाबतीत भारत सरकारने शब्द दिलेला आहे. दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ साली झाला आणि भारताने तो २००७ साली मान्य केला. त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात गरीब दिव्यांग कुटुंबांना शासनाने कोणते साहाय्य द्यावे हे सांगताना विसावा-सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेला राष्ट्रीय न्यास स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी काम करतो. त्याच्या 'समर्थ' योजनेचा हेतूच अशा कुटुंबांना विसावा देणे हा होता. पुढे ती 'घरौंदा' या निवासी योजनेशी जोडण्यात आली. 'निरामय' या योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते; आपल्यासाठी ते ठिकाण पालघर. आणि महानगरपालिका असो की ग्रामपंचायत, आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावी असा महाराष्ट्र शासनाचा नियम आहे.

या ५ टक्क्यांतून आपल्या गावात विसाव्यासाठी काय खर्च झाला, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारले? रस्त्यावरच्या खड्ड्यासाठी आपण मोर्चा काढतो. या आया मोर्चाला येऊ शकत नाहीत, त्यांना घर सोडता येत नाही. त्यांच्या वतीने त्या विधवेसारखे दार ठोठावणे हे आपले काम आहे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या गरजांची पाहणी करणे स्थानिक प्रशासनाला भाग पडले. तिथेही ते कुणीतरी वर्षानुवर्षे दार ठोठावल्यामुळेच झाले असणार.

आपण काय करणार?

धर्मग्राम परिषदेत या विषयावर चर्चा झाली आहे. चार गोष्टी ठरल्या आहेत.

पहिली : येत्या डिसेंबरपासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी ९ ते १ या वेळेत चर्चच्या हॉलमध्ये विसावा-सेवा सुरू होईल. परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या एक सिस्टर आणि पगारी, प्रशिक्षित दोन मदतनीस हजर असतील. उचलणे, भरवणे, आकडी आल्यास काय करायचे ही कामे केवळ चांगल्या मनाने होत नाहीत, ती शिकावी लागतात. स्वयंसेवक नेहमी दोघे-दोघे असतील आणि प्रत्येकाची पोलीस पडताळणी होईल. यात कुणी अपमान मानू नये.

दुसरी : रात्रीच्या मुक्कामाची सोय आपण स्वतः करणार नाही, तो आपला आवाका नाही. पण आईची शस्त्रक्रिया, घरातले लग्न, मयत किंवा नुसताच थकवा अशा वेळी नोंदणीकृत संस्थेत काही दिवस ठेवावे लागले, तर त्याचा खर्च आणि येण्याजाण्याचे भाडे धर्मग्रामाच्या निधीतून दिले जाईल. कारण विचारले जाणार नाही. 'मला झोप पाहिजे' हे कारण पुरेसे आहे.

तिसरी : या निधीसाठी प्रत्येक कमावत्या व्यक्तीने वर्षातून दोन दिवसांची कमाई द्यावी. दोन दीनार. ज्याला जेवढी मजुरी तेवढेच दीनार. पाकिटे दाराजवळ ठेवली आहेत. त्यांवर नाव लिहू नये.

चौथी : प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने आपल्या भागातील अशी घरे शोधावीत आणि त्या घरी एक वही न्यावी. आईजवळ बसून तिच्या डोक्यातले सगळे त्या वहीत उतरवून घ्यावे : काय खातो, कशाने घाबरतो, कोणते औषध किती वाजता, कोणत्या गाण्याने शांत होतो. ही वही कुठल्याही विम्यापेक्षा मोलाची आहे.

आणि ज्या आया, पत्नी, बहिणी, बाप हे वाचत आहेत त्यांना माझी एकच विनंती आहे. लाजू नका. पहिल्या शनिवारी मुलाला हॉलवर आणा आणि त्या चार तासांत काहीही पुण्यकर्म करू नका. नोव्हेनाला बसू नका, शेजारणीची भांडी घासू नका. घरी जाऊन झोपा.

कुरेनेकर शिमोनाने प्रभूचा क्रूस जन्मभर वाहिला नाही. गावाच्या वेशीपासून टेकडीपर्यंत, थोडाच वेळ वाहिला. क्रूस प्रभूचाच राहिला. पण तेवढा वेळ खांदा मोकळा झाला, आणि जगाच्या तारणाच्या कथेत त्या थोड्या वेळाची नोंद झाली. आपल्याकडूनही देव तेवढेच मागतो आहे : थोडा वेळ, एक दगड, दोन दीनार.

प्रार्थना करू या : हे दयाळू पित्या, तू झोपत नाहीस म्हणून आम्ही निश्चिंत झोपतो. आमच्या धर्मग्रामात ज्यांना झोप नाही त्यांची घरे आम्हाला दाखव. ज्यांचे हात जड झाले आहेत त्यांच्या एका बाजूला आम्हाला उभे कर. ज्या आईने भीतीपोटी कठीण प्रार्थना केली तिला क्षमेची गरज नाही, आमची गरज आहे; आम्हाला तिच्याकडे पाठव. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे, आमेन.

ख्रिस्तामध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू